हरणाबाई साताऱ्याला गेली

आम्रपाली बिरोबावाडीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून हजर झाली तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. नवरा, कपिल, सांगलीत एका सहकारी संस्थेत कारकून. तिला मात्र नोकरी मिळाली ती सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, म्हसवडच्या पुढं दोन कोसांवर. उपकेंद्र म्हणजे माळावर बांधलेल्या दोन खोल्या, मागं पाण्याची टाकी आणि पुढं एक कडुलिंब. त्या दिवशी कुलूप काढून दिलं ते हरणाबाईनं.

हरणाबाई वाडीतलीच, धनगराची. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता तो तापानं तिकडंच गेला. त्यानंतर तिनं हे काम धरलं. उपकेंद्र झाडायचं, पाणी भरायचं, भांडी उकळायची, बाळंतिणीपाशी थांबायचं, नर्सबाईबरोबर वस्त्यांवर फिरायचं. सरकारी कागदात तिचं काम दिवसातल्या थोड्या वेळाचं होतं, म्हणून तिला पगार नव्हता, मानधन होतं. म्हसवडच्या बाजारातून एक बरं लुगडं घेतलं की ते संपायचं.

आम्रपाली बौद्ध. वाडीतल्या काही घरांनी सुरुवातीला नव्या नर्सबाईला ओसरीवरच बसवलं. हरणाबाई तिसऱ्या दिवशी आपली भाकरी घेऊन लिंबाखाली आली, आम्रपालीच्या डब्यातली चटणी उचलून घेतली आणि जाणारं-येणारं माणूस बघेल अशी रस्त्याकडं तोंड करून बसली. त्यावर दोघींत कधी बोलणं झालं नाही. हळूहळू ओसरीवरचं बसणं माजघरापर्यंत गेलं.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. आम्रपाली हरणाबाईला मावशी म्हणायची, हरणाबाई तिला बाई. दोघींनी मिळून वाडीतली निम्मी पोरं हातात घेतली होती. कुठल्या वस्तीवरचं कुत्रं सुटं असतं आणि कुठली सासू सुनेला गोळ्या घेऊ देत नाही, हे दोघींनाही पाठ झालं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दिल्लीच्या नोकरदारांना पाचवा वेतन आयोग मिळून वर्ष होत आलं होतं आणि राज्यातले कर्मचारी अजून वाटच बघत होते. संघटनेनं साताऱ्याला मोर्चा ठरवला. आम्रपाली संघटनेत होती, पावत्या फाडायची, सभेत बोलायची.

आदल्या दिवशी दुपारी ती हरणाबाईला म्हणाली, "मावशी, उद्या मी साताऱ्याला चाललेय. मोर्चा आहे."

"कशाचा वं?"

"पगारवाढीचा. दिल्लीवाल्यांना मिळाली, आपल्याला अजून नाही."

हरणाबाई सुया उकळायचं भांडं पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "आपल्याला म्हंजी मला बी?"

आम्रपाली गडबडली. "तुमचं जरा वेगळं असतं, मावशी. तुम्ही मानधनावर ना."

"व्हय व्हय. आपलं इचारलं." तिनं भांडं फळीवर ठेवलं. "जावा तुमी बिनघोर. हितलं मी बगते."

मोर्चा मोठा झाला. पोवई नाक्यावरून माणसं वळली ती वळतच राहिली. शिक्षक, ग्रामसेवक, नर्सा, कारकून, शिपाई. आम्रपालीचा घोषणा देऊन आवाज बसला. परतताना एसटीत सगळे खुशीत होते. आता मिळणारच, असं जो तो म्हणत होता. दिवस मावळायच्या सुमारास ती वाडीच्या फाट्यावर उतरली तर उपकेंद्रापुढं बैलगाडी सोडलेली. आत कोळेकरांची सून खाटेवर पडून होती. पहिलटकरीण. दिवसभर अडून शेवटी दुपारी मोकळी झाली होती. हरणाबाई बाळाला कुशीत घेऊन बसली होती आणि तिच्या पदराला, हाताला, कपाळालाही घाम होता.

"मोठ्या दवाखान्यात का नाही नेलं?" आम्रपालीनं आधी बाळंतिणीला तपासलं, मग विचारलं.

"निरोप धाडलावता. जीप साताऱ्याला गेल्ती, डाक्टर कुठं ठाव न्हाई. मग काय करतीस?" हरणाबाई पहिल्यांदाच तिला एकेरी बोलली आणि लगेच सावरली. "भ्याले मी लय, बाई. पर झालं नीट. पोरगी हाय."

रक्तस्राव नव्हता, बाळ रडलं होतं. आम्रपालीनं हात धुतले आणि स्टुलावर बसली.

"मोर्चा कसा झाला?" हरणाबाईनं विचारलं.

"चांगला झाला," आम्रपाली म्हणाली, आणि तिला पुढं काही सांगावंसं वाटेना.

त्या हिवाळ्यात वेतन आयोग मंजूर झाला. नव्या श्रेणीतला पहिला पगार हातात आला तेव्हा कपिल सांगलीहून मुद्दाम पेढे घेऊन आला. सांगलीत विश्रामबागेकडं एखादा गुंठा बघू, असं दोघांचं बोलणं सुरू झालं. आम्रपालीनं आंतरजिल्हा बदलीचा अर्ज आधीच दिला होता. सांगली जिल्ह्यात बदली झाली की संसार एका जागी येणार होता. तिला ही वाढ हक्काची वाटत होती आणि ती होतीही. तेरा वर्षं उन्हातान्हात पायपीट केल्यावर कुणी फुकटचं दिलं असं ती का म्हणेल?

पण पुढच्याच महिन्यात म्हसवडच्या मोठ्या आरोग्य केंद्रात नाथाजीचा निरोपसमारंभ झाला. नाथाजी तिथला शिपाई. साठ पूर्ण झाली म्हणून निवृत्त होत होता. डॉक्टरांनी त्याला शाल-नारळ दिला, फेटा बांधला. त्याच्या बायकोला, बनुबाईला, खुर्चीवर बसवून साडी दिली. सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलले आणि ते खोटंही नव्हतं. नाथाजी कधी कुणाला उलटून बोलला नव्हता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता नाथाजींनी आरामात पेन्शन खावी आणि नातवंडं खेळवावीत." टाळ्या झाल्या.

हरणाबाई चहाचे कप भरत होती. डॉक्टरांना तिला बघून आठवलं. "हां, हरणाबाई, तुमचंही साठ होतंय की यंदा. मे अखेरीला तुमचंही काम थांबेल." ते सहज बोलले, मनात काही न ठेवता.

"आन् माजा फेटा?" हरणाबाई म्हणाली, आणि सगळे हसले. तीही हसली.

नाथाजी हसला नाही. तो आणि हरणाबाई एकाच सालात कामाला लागले होते. सगळे पांगल्यावर तो तिच्यापाशी आला. "हरणे, तू माझ्यापरास जास्त चाललीस. मी तर हितंच बसून हुतो."

"आसू दे रं," ती म्हणाली. "तुजं चांगलं झालं त्यात मला वंगाळ वाटायचं काय कारण?"

वाडीकडं परतताना दोघी चालतच निघाल्या. अर्ध्या वाटेवर ओढ्यापाशी थांबून हरणाबाई म्हणाली, "बाई, मेपतूर तीन म्हैनं. फुडं?"

हरणाबाईला मूलबाळ नव्हतं. दिराच्या रानाच्या कडेला एक छप्पर आणि दोन शेळ्या, एवढाच तिचा पसारा. रात्रभर आम्रपालीला ते "फुडं?" ऐकू येत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या पगारातले काही पैसे रुमालात बांधून हरणाबाईपुढं ठेवले.

"हे काय?"

"दर महिन्याला थोडे देत जाईन, मावशी. तुम्ही काम थांबवल्यावरही. मला आता वाढ मिळालीय."

हरणाबाईनं रुमाल उचलला, तिच्या हातात परत दिला आणि तिची मूठ मिटली. "तुमच्यातलं मला नगं, बाई. तुमी ते कमावलंय. माजं जे काय असंल ते सरकारनं द्यावं. तुमी दिलं तर मी तुमच्याफुडं कशी हुबी ऱ्हाऊ?"

रागावून नव्हती बोलली. पण आम्रपालीच्या कानशिलांवर रक्त चढलं. तिला चांगलंच करायचं होतं, आणि ते चुकलं होतं, आणि काय चुकलं हे तिला लगेच नीट सांगताही आलं नसतं.

होळीच्या सुट्टीला ती माहेरी, कुंडलला गेली. वडील, सोपान, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून परतलेले. आता सत्तरीच्या पुढं, पण दाढी रोज आणि बुटाला पॉलिश रोज. दर महिन्याला पेन्शन आणायला जायचे तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालायचे. शेजारच्या मळ्यातला एक बागायतदार त्यांना चेष्टेनं म्हणायचा, "हवालदार, तुमचं ब्येस. झोपून पगार. आमच्या उसाला बघा, पाणी न्हाई, लाईट न्हाई." त्यावर सोपान शांतपणे सांगायचे, "पासष्टच्या लढाईत मी झोपलो न्हवतो, पाटील. तवाचा पगार अजून येतोय."

आम्रपालीनं जेवताना हरणाबाईची गोष्ट काढली. पैसे परत केल्याचंही सांगितलं. सोपाननी घास खाली ठेवला.

"बरं केलं तिनं," ते म्हणाले. "माझी आय, तुझी आज्जी बाळाबाई, गावकीचं काम करायची. सांगावा पोचवायचा, अंगण लोटायचं, कुनाच्या घरी मयत झालं की गावोगाव कळवत हिंडायचं. त्याचं ठरल्यालं काय न्हाई. देतील ते घ्यायचं, पदर पसरून. कुनी भला मानूस भरून द्यायचा, कुनी शिळं द्यायचा. भल्या मानसाचं घेतानाबी पदर पसरायलाच लागायचा, पोरी. आमी छप्पन साली ते टाकलं. उपाशी ऱ्हायलो, पर टाकलं."

"पण अण्णा, हे सरकार आहे. ही काही गावकी नाही."

"ठरल्याली मजुरी न्हाई, म्हातारपनाला आधार न्हाई, वर 'मान' म्हनून देतो म्हनायचं. नाव बदलल्यानं काय हुतंय?" त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. "मला पेन्शन मिळती म्हनून मी कुनाफुडं वाकत न्हाई. तुझ्या नवऱ्याफुडं न्हाई, तुझ्या भावाफुडं न्हाई. पेन्शन म्हंजी त्येवढंच असतंय."

एप्रिलच्या शेवटी हरणाबाई एक दिवस काम आटोपून दारात उभी राहिली. नेहमी ती आत येऊन बोलायची.

"बाई, पुढल्या हप्त्यात चार दिस मी न्हाई. साताऱ्याला जातीया."

"कशाला?"

"तुमी गेलावता तशी."

मग हळूहळू कळलं. दर बुधवारी लसीचा डबा आणायला तालुक्यातल्या हरणाबाईसारख्या सगळ्या परिचर बायका मोठ्या केंद्रावर जमायच्या. डबे भरेपर्यंत सावलीला बसायच्या. नाथाजीच्या निरोपानंतर हरणाबाईनं तिथं एकेकीला विचारलं होतं, तुझं किती साल झालं, तुझं फुडं काय. कुणालाच काही माहीत नव्हतं. दोन महिने त्या एवढंच बोलत होत्या. शेवटी खटाव तालुक्यातल्या बायकाही येतो म्हणाल्या.

"तुमी म्हनाल तर जाते," हरणाबाई म्हणाली. "तुमी न्हाई म्हनला तरी जाईन बहुतेक. पर इचारल्याबिगर नगं वाटलं. हितलं तुमाला एकटीला बगावं लागंल."

"बघते मी," आम्रपाली म्हणाली. "जा तुम्ही."

ही बातमी दोन दिवसांत पसरली. संघटनेचा तालुका सचिव सयाजी मोटरसायकलवरून वाडीवर आला. सयाजी स्वतः आरोग्य सेवक, माणूस प्रामाणिक. मोर्चासाठी पायाला भिंगरी लावून फिरला होता. लिंबाखाली गाडी लावून तो म्हणाला, "आम्रपालीताई, तुमच्या मावशींना जरा समजावा."

"काय समजावू?"

"आपल्या वाढीच्या फरकाचं अजून पुरतं मिटलं नाही. वरच्यांना कारणच पाहिजे असतं. आत्ता ह्या बायका जाऊन बसल्या तर ते म्हणतील, एकाला दिलं की दुसरा दारात उभा. लोकही बोलतात, नोकरदारांनी तिजोरी खाल्ली. थोडं थांबू द्या. पुढच्या वेळी आपणच त्यांचा विषय घेऊ."

"त्यांचं मेअखेरीला काम थांबतंय, सयाजीराव. त्यांची पुढची वेळ कधी?"

तो घाम पुसत राहिला. "आणि तुमची बदली. ह्या बायका बसणार त्याच जिल्हा परिषदेच्या कचेरीतून शिफारस जायचीय. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"ऑक्टोबरात आपण मोर्चाला गेलो तेव्हा तालुक्यातली केंद्रं कुणी उघडी ठेवली?"

"ते मला कळतंय, ताई," सयाजी म्हणाला. "खोटं कशाला बोलू, कळतंय. पण मला संघटना सांभाळायचीय." आणि गाडीला किक मारून गेला.

मेच्या पहिल्या सोमवारी हरणाबाई पहाटेच्या गाडीनं गेली. बरोबर भाकरी, कांदे आणि एक घोंगडी.

आम्रपालीनं झाडू हातात घेतला. टाकीत पाणी चढवलं, भांडी उकळली. हे सगळं जमण्यासारखं होतं, फक्त त्यातच दहा वाजले. खरी पंचाईत बुधवारी झाली. लसीचा डबा ती स्वतः म्हसवडहून घेऊन आली आणि टेबल मांडून बसली, तर पोरं येईनात. दरवेळी हरणाबाई सकाळी वस्त्या फिरून आयांना उठवून आणायची. आम्रपाली डबा खांद्याला लावून निघाली. पहिल्याच वस्तीवर एक तरणी आई म्हणाली, "हरणामावशी न्हाई व्हय? मग पुढल्या बुधवारी टोचू की." दुसरीकडं सासू म्हणाली, "ती असली म्हंजी पोरगं रडत न्हाई वं." ती विनवण्या करत फिरली. सगळीकडं पोचायच्या आत डब्यातला बर्फ वितळत आला आणि तिला माघारी फिरावं लागलं. बरीच पोरं तशीच राहिली.

त्या संध्याकाळी पायऱ्यांवर बसून ती पाय दाबत होती तेव्हा म्हसवडहून नाथाजीचा निरोप आला. बायका कचेरीसमोर बसल्यात, कुणी विचारत नाही, एकीला ऊन लागून दवाखान्यात न्यावं लागलं, हरणाबाई बरी आहे.

तिनं शेजारच्या उपकेंद्राच्या नर्सला वाडीवर लक्ष ठेवायला सांगितलं, एका दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि गुरुवारी सकाळी सातारची गाडी धरली. रजेवर असताना गणवेश घालायची गरज नव्हती. तिनं तो घातला.

साताऱ्यात ऊन मी म्हणत होतं. कचेरीच्या फाटकासमोर पर्जन्यवृक्षाची सावली होती, तिच्यात बायका दाटीनं बसल्या होत्या. मागं अजिंक्यतारा तापून पांढरा पडलेला. फलक नव्हता, कर्णा नव्हता. नाथाजी मातीच्या माठातून पाणी देत होता. तो काल रात्रीच येऊन दाखल झाला होता.

"तुम्ही इथं कसे?" आम्रपालीनं विचारलं.

"आता मला कोन मेमो देनार हाय, बाई?" तो म्हणाला. "पेन्शनीत मानूस."

हरणाबाईनं तिला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "तुमी कशाला आलासा? केंद्र?"

"केंद्र आहे. सरका जरा." आम्रपाली पांढऱ्या साडीनिशी तिच्याजवळ फरशीवर बसली. फरशी पोळत होती. आसपासच्या बायकांनी बोलणं थांबवून बघितलं, मग एकीनं आपल्या घोंगडीचं टोक तिच्याकडं सारलं.

जेवणाच्या सुट्टीत कचेरीतली माणसं बाहेर आली. त्यांत ऑक्टोबरच्या मोर्चात तिच्या बरोबरीनं ओरडलेले दोन कारकून होते. एकानं नजर चुकवली. दुसरा परत आत गेला आणि थोड्या वेळानं कलिंगडाच्या फोडी घेऊन आला. काही न बोलता ठेवून गेला.

दुपारी चारच्या सुमारास मोठे साहेब बाहेर आले. मध्यम वयाचे, दमलेले दिसत होते. खुर्ची आणली होती ती त्यांनी नको म्हटली. "तुमच्यातलं बोलणार कोण?"

बायकांनी हरणाबाईकडं बघितलं. ती उठली, पदर नीट केला.

"मावशी, मानधन ठरवणं माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले. "ते मुंबईला ठरतं. तुम्ही इथं चार दिवस बसा की महिना बसा."

"मग मुंबईवाल्यास्नी तुमी सांगा, सायेब. आमाला तितली वाट ठाव न्हाई, म्हनून तुमच्या दारात आलो."

"नियमात तुमचं काम थोड्या वेळाचं आहे. पूर्णवेळच्या माणसाला जे मिळतं ते तुम्हाला कसं देणार?"

"नका दिऊ. नाथाजीला मिळालं त्यातलं चवथाईबी चालंल." मागं नाथाजी माठापाशी खाली मान घालून उभा होता. "पर सायेब, बाळंतीण आडली की मी म्हनायचं का, माजी येळ झाली, मी जाते? आन् मी गेले तर तुमी मला कामावं ठेवाल का?"

साहेबांची नजर पांढऱ्या साडीवर गेली. "सिस्टर, तुम्ही इथं कशा?"

आम्रपाली उभी राहिली. "रजेवर आहे, साहेब."

"तुमची काय मागणी आहे?"

"माझं मिळालं, साहेब. यांचं राहिलंय."

साहेबांनी तिचं नाव आणि उपकेंद्र विचारलं. तिनं सांगितलं. बरोबरच्या कारकुनानं ते टिपून घेतलं. मग साहेब हरणाबाईला म्हणाले, "मी खोटी आशा लावणार नाही. पेन्शनचं होईल असं मला वाटत नाही. मानधन वाढवावं असं मी माझ्या मतासकट मुंबईला कळवतो. एवढं मी करू शकतो आणि एवढं करीन."

बायकांनी आपापसांत बोलणं केलं. काहींना उठायचं नव्हतं. हरणाबाई म्हणाली, "मानूस खरं बोलतोय. खरं बोलनाऱ्याच्या दारात बसून त्येला तरास दिऊन काय उपेग?" शुक्रवारी सकाळी त्या आपापल्या गावी गेल्या.

पुढच्या आठवड्यात आम्रपालीला खुलासा मागणारं पत्र आलं. रजेचं कारण खाजगी लिहिलं होतं आणि गणवेशात आंदोलनाला बसल्या, असं कसं? तिनं खरं तेच लिहून दिलं. प्रकरण तिथंच थांबलं. पण त्या वर्षीच्या बदल्यांत तिचं नाव नव्हतं. त्याचा ह्याच्याशी काही संबंध होता की तिचा नंबरच लागला नव्हता, हे तिला कधी कळलं नाही.

कपिल चिडला. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तुझी मागणी होती का ती?" तो एक रविवार आलाच नाही. पुढच्या रविवारी आला तेव्हा हरणाबाई शेळीचं दूध द्यायला आली होती. कपिलनं तिला बसवलं, साताऱ्याचं सगळं विचारून घेतलं, कलिंगडाच्या फोडींपर्यंत. ती गेल्यावर म्हणाला, "अजून एक वर्ष एसटीचे धक्के खायचे म्हणजे." त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

मे संपत आला तशी आम्रपाली डॉक्टरांकडं गेली. हरणाबाईंचाही निरोपसमारंभ करू, असं म्हणाली. डॉक्टरांना पटलं, शाल आणू म्हणाले. हरणाबाईनंच मोडता घातला.

"नाथाजीला शाल दिली तवा संगं पेन्शन बी दिली. मला नुसती शाल दिऊन काय करता? उन्हाळा हाय." आणि मग आम्रपालीचं तोंड बघून हसली. "तुमी वाईट वाटून घिऊ नगासा. मला त्यो समारंभ सोसायचा न्हाई, एवढंच."

शेवटच्या दिवशी तिनं रोजच्यासारखं झाडलं, टाकी भरली. दुपारी दोघींनी लिंबाखाली डबा खाल्ला. मग तिनं किल्ली दिली आणि घरी गेली. आम्रपाली तिच्याबरोबर छपरापर्यंत चालत गेली. वाटभर दोघी शेळीच्या आजारावर बोलल्या.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईहून मानधनवाढीचा आदेश आला. वाढ लहानच होती, पण होती. पेन्शनचा त्यात शब्द नव्हता. आणि जी कामावर होती तिलाच ती मिळणार होती. आम्रपाली ही बातमी घेऊन छपराकडं गेली.

हरणाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मला न्हाई."

"नाही, मावशी."

बराच वेळ ती शेंगा फोडत राहिली. "वाईट वाटतंय की," ती शेवटी म्हणाली. "न्हाई कसं? मला वाटलंवतं, एखाद्या म्हैन्याचं तरी गावंल." मग सूप बाजूला सारून म्हणाली, "दहिवडीला बायकांनी बैठक ठिवलीया येत्या सोमवारी. मला बलावलंय. मी आता कामावं न्हाई तर जाऊ का नगं, त्याचा इचार चाललाय."

"जा की."

"आता मला बी कोन मेमो देनार?" ती म्हणाली, आणि या वेळी दोघी मोकळेपणानं हसल्या. ती गेली. पुढंही दर महिन्याला जात राहिली. तिकिटाचे पैसे बायका वर्गणीतून द्यायच्या, आणि ते तिनं कधी नाकारले नाहीत.

उपकेंद्रात मधले महिने दुसरीकडची बाई येऊन-जाऊन काम बघत होती. जानेवारीत तिथं शालूबाई आली. वाडीतलीच, तिशीची, चौथीपर्यंत शिकलेली. आम्रपालीनं तिला दोन्ही खोल्या दाखवल्या, टाकी दाखवली, बुधवारचं काम सांगितलं. शालूबाई सगळं ऐकत होती. मग पदर खोचून म्हणाली, "बाई, किती मिळतंय?"

आम्रपालीनं सांगितलं.

"आन् साठ झाल्यावं?"

"काही नाही."

"मग मी आठ दिसांनी सांगते," शालूबाई म्हणाली. "घरी इचार करते, आन् हरणामावशीला इचारते."

ती माळावरच्या वाटेनं निघून गेली. आम्रपालीनं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि बाहेरच्या खोलीपासून सुरुवात केली.